'ही तर माझीच गोष्ट!' : 'कोसला' वाचण्याआधी ब्लँक घ्या

जळगाव-धुळ्याकडून पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या कुणालाही विचारून बघा, 'कोसला' वाचलीस का? वाचली असेल तर उत्तर बहुतेक एकच येतं : 'हो ना, ती तर माझीच गोष्ट आहे.' गावाकडून आलेला मुलगा, शहरातलं कॉलेज, होस्टेल, मेस, सगळ्यांत असूनही कुठेच नसल्याची भावना. पुस्तक मिटताना वाटतं की आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून हे लिहिलंय.

हे उत्तर खोटं नाही. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर तिथे थांबणं परवडणारं नाही. 'माझीच गोष्ट' ही वाचनाची सुरुवात असते, निष्कर्ष नसतो. या पोस्टमध्ये आपण 'कोसला'कडे एक डेटासेट म्हणून बघू. आपल्या भावना त्या डेटात कुठे मिसळतात आणि त्यांचं काय करायचं, हा आजचा प्रश्न. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही, रसायनशास्त्राची आहे. त्यामुळे हत्यारं माझ्या प्रयोगशाळेतली असतील, ती चालवून घ्या.

आधी पुस्तकाबद्दल

भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, गाव सांगवी, यावल तालुका. शिक्षण पुण्यात फर्ग्युसन आणि डेक्कन कॉलेजात, नंतर मुंबईत. पुढे त्यांनी बऱ्याच ठिकाणी शिकवलं, त्यात आपलं धुळेही आहे. 'कोसला' १९६३ मध्ये आली तेव्हा ते पंचविशीत होते. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला.

कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर. तोही पंचविशीचा, तोही सांगवीचा. पुण्यात येतो, आधी उत्साहाने सगळ्यात पडतो, होस्टेलमधल्या जबाबदाऱ्या अंगावर घेतो, पैसे उडवतो. मग एकेक गोष्ट सुटत जाते. धाकटी बहीण मनी जाते. परीक्षेत अपयश येतं. शेवटी तो गावी परततो, आणि तिथेही पहिल्यासारखा उरत नाही. कोसला म्हणजे कोश, किड्याचा. कोशातून फुलपाखरू बाहेर येतं की नाही, हे कादंबरी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या पुस्तकाची अर्पणपत्रिका शंभरातल्या एकाला वगळून उरलेल्या नव्व्याण्णवांसाठी आहे. म्हणजे 'ही माझी गोष्ट आहे' असं वाटावं याची सोय पुस्तकाने पहिल्याच पानावर केलेली आहे. आपण त्या नव्व्याण्णवांत आहोत असं शंभरातल्या शंभरांनाही वाटू शकतं. तुमची प्रतिक्रिया तुमची आहेच, पण ती यावी अशी व्यवस्थाही तिथे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं हे पहिलं कौशल्य.

साम्य वेगळं, तादात्म्य वेगळं

आपण बोलताना हे दोन्ही एकत्र करतो. 'तो खान्देशचा, मी खान्देशची', हे झालं साम्य. पात्राच्या डोळ्यांनी जग बघायला लागणं, त्याला जे हवंय ते आपल्यालाही हवंसं वाटणं, हे तादात्म्य. माध्यमांचे अभ्यासक जोनाथन कोहेन यांनी २००१ मध्ये तादात्म्याची व्याख्या करताना हाच भेद नीट मांडला : तादात्म्यात वाचक थोड्या वेळापुरता स्वतःला विसरतो आणि पात्राच्या जागी जातो. साम्य नसतानाही हे होऊ शकतं. 'श्यामची आई' वाचून रडलेल्या आपल्यापैकी कितीजणांनी तेव्हा कोकण पाहिलं होतं?

उलटही होतं. साम्य इतकं जास्त असतं की तादात्म्य होतच नाही, कारण आपण पात्राच्या जागी जातच नाही, पात्रालाच आपल्या जागी ओढून आणतो. हा धोका आपल्याकडच्या लोकांनी फार पूर्वी ओळखला होता. साधारण हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्तांनी रसास्वादात येणाऱ्या सात विघ्नांची यादी केली, त्यात एक विघ्न आहे स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणं. नाटक समोर चालू आहे आणि प्रेक्षक आपल्या घरच्या भांडणाचा विचार करतोय. त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, पण ते नाटकामुळे आलेलं नसेल.

२-४-६ आणि पेन्सिलीच्या खुणा

आता एक प्रयोग. १९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना तीन आकडे दिले : २, ४, ६. सांगितलं की हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही हवे ते तीन आकडे सांगा, मी बसतात की नाही तेवढं सांगेन. बहुतेकांच्या मनात लगेच नियम तयार झाला : दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या. मग ते विचारत राहिले : ८-१०-१२? बसतं. २०-२२-२४? बसतं. खात्री पटली, उत्तर दिलं, आणि उत्तर चुकलं. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी आधी चुकीचा नियम जाहीर न करता थेट बरोबर उत्तर दिलं.

नियम सापडायला काय करायला हवं होतं? आपल्या मनातला नियम मोडेल असा आकडा विचारायला हवा होता. ५-१७-४०, समजा. तो बसतो असं कळताच डोक्यातला नियम कोसळतो आणि खरं काम सुरू होतं.

तुमच्याकडची 'कोसला'ची प्रत काढा. पेन्सिलीच्या खुणा कुठे आहेत बघा. माझी पैज आहे, जिथे जिथे तुमचं आयुष्य जुळलं तिथेच त्या असतील. मेस, होस्टेलचं एकटेपण, वडिलांशी तणाव. ८-१०-१२, २०-२२-२४. प्रत्येक खूण म्हणते 'बसतं', आणि शेवटी आपण नियम जाहीर करतो : ही माझी गोष्ट आहे. न जुळलेल्या पानांवर एकही खूण नाही.

तर ब्लँक कसा घ्यायचा?

स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरलेल्यांना हे माहीत आहे. द्रावणातून किती प्रकाश शोषला जातो ते मोजायचं असतं. पण काचेची क्युव्हेटही थोडा प्रकाश शोषते, द्रावकही शोषतो. म्हणून आधी नुसता द्रावक भरून रीडिंग घेतात. तो ब्लँक. तो वजा केल्यावर जे उरतं ते तुमच्या पदार्थाचं. ब्लँक न घेता आलेला आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे हे सांगता येत नाही.

क्युव्हेट फेकून देता येत नाही, तिच्याशिवाय मोजमापच होणार नाही. वाचकाचंही तसंच आहे. 'वस्तुनिष्ठ वाचायचं, स्वतःला बाजूला ठेवायचं' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. स्वतःला बाजूला ठेवलं तर वाचणार कोण? आपली काच किती आणि कुठला प्रकाश शोषते, ते आधी कागदावर लिहायचं. समाजशास्त्रवाले याला आपली 'स्थिती' नोंदवणं म्हणतात.

माझा ब्लँक असा : साक्री तालुक्यातलं गाव, घरात अहिराणी, कोरडवाहू शेती, धुळ्यात बीएस्सी, जळगावला एमएस्सी, आता पुण्यात पीएचडी. घरातली होस्टेलवर राहिलेली पहिली मुलगी. हे लिहून ठेवलं आणि मग पुन्हा 'कोसला' उघडली. यावेळी नियम फक्त एक : जिथे जुळत नाही तिथेच खूण करायची.

जुळत नाही त्या जागा

पहिली जागा पैसा. पांडुरंगाचा कंटाळा खरा आहे, पण तो घरून येणाऱ्या पैशावर उभा आहे. वडील कुरकुरतात, हिशेब मागतात, पण पाठवतात. आज फेलोशिप सहा महिने अडकली तर ज्याला खोली सोडावी लागते, त्याला कंटाळा यायला फुरसत नसते. दोघांनाही शहर परकं वाटतं, पण त्या परकेपणाची जात वेगळी आहे. एकाला इथे कशात अर्थ वाटत नाही. दुसऱ्याला अर्थ दिसतोय, तिथवर पोचायचं भाडं नाही.

दुसरी जागा परतीची. पांडुरंग नापास होऊन गावी येऊ शकतो, कारण तिथे घर आहे, शेती आहे, वडिलांचं नाव आहे. परत येणं त्याला सुखाचं नाही, पण शक्य आहे. एखाद्या मुलीच्या बाबतीत मात्र घरच्यांनी 'बघू, एक वर्ष बघू' म्हणून पाठवलेलं असतं. ती नापास होऊन परत आली तर गावातल्या पारावर बसून जगाकडे तिरकं बघण्याची सोय तिला नाही. तिच्यासाठी परतण्याचा अर्थ बहुधा लग्न. पांडुरंगाचं अपयश हा त्याच्यासाठी एक अनुभव ठरतो, तिच्यासाठी तो दरवाजा बंद होण्याचा आवाज असतो.

तिसरी जागा मनीची. मनीच्या मृत्यूचा भाग मराठी गद्यातल्या सर्वांत हलवून टाकणाऱ्या भागांपैकी आहे असं मला वाटतं, आणि तो वाचताना माझा ब्लँक-बिंक सगळा वाहून जातो. पण नंतर शांतपणे बघितलं की दिसतं, मनी आपल्याला तिच्या भावाच्या दुःखातूनच कळते. या घरातल्या बायकांना शहरात जाऊन परकं वाटण्याची संधीच मिळालेली नाही. १९६३ च्या कादंबरीवर हा आरोप म्हणून मी ठेवत नाही. पांडुरंग आपल्याला जे दिसतं तेच सांगतो, आणि त्याचं दिसणं कुठे संपतं हे कादंबरी लपवत नाही. मात्र 'ही खान्देशच्या प्रत्येक विद्यार्थ्याची गोष्ट' असं आपण म्हणतो तेव्हा मनीला वगळून म्हणतो, एवढं लक्षात असावं.

'प्रत्येक' म्हणताना आणखीही कुणी वगळलं जातं. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ चा. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, तोवर तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. म्हणजे जिल्हा एक, काळ फार लांबचा नाही. पण भिलोरी बोलणाऱ्या कार्यकर्त्या कवीला शहर परकं वाटण्याआधी शेजारचंच गाव परकं करून ठेवतं. 'सांगवी ते पुणे' ही परकेपणाची एकच रेषा समजणाऱ्यांनी 'गोधड' शेजारी ठेवून वाचावा. आपला ५-१७-४० तिथे आहे.

'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'

आता जुळणाऱ्या जागेकडे वळू, पण जरा खोलवर. खान्देशी वाचक बऱ्याचदा वरच्या थरावर खूश होतो. गावाचं नाव, एखादा घरचा शब्द, सातपुडा दिसला की आपलं माणूस भेटलं. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत हे अस्मितेचं सोपं टोक. 'कोसला'तलं खरं परकेपण मला पांडुरंगाच्या दोन शब्दांत दिसतं : 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'.

'उदाहरणार्थ' हा वर्गातला शब्द आहे. शिक्षक सिद्धांत सांगतात, मग उदाहरणार्थ म्हणतात. पांडुरंग तो अशा ठिकाणी टाकतो जिथे सिद्धांतही नसतो आणि उदाहरणही नसतं. 'वगैरे'ने यादी पुढे चालू आहे असं सुचवायचं असतं, त्याच्याकडे पुढे काही नसतं. शहरातल्या शिकलेल्या भाषेचं व्याकरण त्याला आलंय, पण ती भाषा ज्या खात्रीने बोलायची ती खात्री आलेली नाही. मग तो तिचीच टिंगल करत ती बोलतो. एखाद्या जागी सामावून जाण्याचा प्रयत्न आणि तिथे सामावायला नकार, दोन्ही एकाच शब्दात. मला हे कादंबरीचं सर्वांत मोठं यश वाटतं.

हे आपल्याला लागू होतं का? बघा. खान्देशात 'ळ' चा 'य' होतो. काळा-काया, डोळा-डोया. लेवा गणबोलीत होतो, अहिराणीतही होतो. प्रयोगशाळेतल्या पहिल्या महिन्यात मी 'द्रावण गायून घेतलं' असं म्हणाले आणि चार लोक हसले. गाळण्याची क्रिया बरोबर झाली होती, गाळलेलं द्रावण नितळ होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी ते वाक्य इंग्रजीत बोलायचे, 'फिल्टर केलं'. 'ळ' टाळण्यासाठी. आता सेमिनारमध्ये 'नॉव्हेल', 'रोबस्ट' असे शब्द पेरणारे विद्यार्थी ऐकले की मला त्यात ज्ञानाचा दिखावा कमी आणि 'ळ' टाळणं जास्त ऐकू येतं.

आकड्यांतही हे दिसतं का ते तपासू. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीला मराठीत न धरता भिली भाषांच्या सोबत ठेवलं होतं. जनगणनेतही ती मराठीपासून वेगळी मोजली जाते. २००१ मध्ये ती मातृभाषा सांगणारे सुमारे २०.७ लाख होते, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. लोकसंख्या वाढली आणि आकडा घटला. लगेच 'बोली मरतेय' असं शीर्षक सुचतं ना? थांबा. दुसरंही गृहीतक शक्य आहे : बोलणारे तेवढेच आहेत, पण दारात आलेल्या प्रगणकाला 'मराठी' असं सांगणारे वाढले. पहिलं खरं असेल तर घरातल्या लहान मुलांच्या बोलण्यात ती कमी झालेली दिसेल. दुसरं खरं असेल तर घरात ती धडधाकट असेल आणि फक्त फॉर्मवर गायब होईल. दोन्ही थोडं थोडं खरं असू शकतं. जनगणनेचा आकडा एकटा हे ठरवू शकत नाही. हा एमएच्या प्रबंधाचा उत्तम विषय आहे, कुणीतरी घ्या.

आणि ज्या विद्यापीठात तुम्ही तो प्रबंध द्याल, त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या, लेवा गणबोलीत ओव्या रचणाऱ्या आसोद्याच्या बाईंचं. त्यांच्या कविता पुस्तकात आल्या त्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये. पाटीवर बोली आहे, व्हायवात मात्र 'ळ' नीट उच्चारावा लागतो.

गोष्टींनी खरंच फरक पडतो का?

इथे तुम्ही विचाराल, एवढं काटेकोर कशाला? पोराला बरं वाटलं 'कोसला' वाचून, वाटू दे की. हा आक्षेप गंभीर आहे, कारण यावर चांगलं संशोधन झालेलं आहे.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातले पहिल्या वर्षाचे ९२ विद्यार्थी. त्यांतल्या काहींना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले, सार असं : सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, हळूहळू जमतं. मग त्याला धरून स्वतःचा अनुभव लिहायला सांगितला. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. म्हणजे 'ही माझीच गोष्ट' वाटण्यात ताकद आहे, मोजता येण्यासारखी.

पण २०२३ मध्ये हाच प्रयोग २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर झाला, तेव्हा एक अट समोर आली. गोष्टीचा फायदा तिथेच झाला जिथे त्या गटातल्या विद्यार्थ्यांना त्या संस्थेत आपलं होण्याची खरी संधी होती. जिथे ती नव्हती, तिथे गोष्ट नुसती गोष्ट राहिली. 'हळूहळू जमतं' हे वाक्य जिथे खरं आहे, तिथेच ते उपयोगी पडतं.

हे वाचल्यावर 'कोसला' मला नव्याने दिसली. 'आधी अवघड गेलं, मग जमलं' ही यशोगाथा ती सांगत नाही. जमलं नाही, एवढंच सांगते. पहिल्या वर्षाच्या घाबरलेल्या मुलीच्या हातात मी एकटी 'कोसला' देणार नाही, तिच्यासोबत वरच्या वर्गातल्या दोन मुलींचा फोन नंबर देईन. पण होस्टेलच्या वॉर्डनना, गाइडना, प्रवेश समितीत बसणाऱ्यांना मी 'कोसला' जरूर देईन. जागाच आपलं म्हणत नाही तेव्हा हुशार मुलाचं काय होतं, याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे मिळणार नाही. साठ वर्षं आपण ही कादंबरी मुलाच्या बाजूने वाचली. ती संस्थेच्या बाजूनेही वाचता येते.

तुमच्यासाठी काम

कुठलीही 'आपली' वाटणारी गोष्ट घ्या. 'कोसला'च हवी असं नाही.

१. वाचण्याआधी अर्धं पान ब्लँक लिहा. गाव, भाषा, घरचा पैसा, मुलगा की मुलगी, जात, घरात आधी कोण शिकलं. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे खरं लिहा.

२. वहीत तीन रकाने आखा : जुळतं, जुळत नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या रकान्यात पहिल्याइतक्या नोंदी होईपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही.

३. पहिल्या रकान्यातली प्रत्येक नोंद तपासा : हे साम्य वरचं आहे, नाव-गाव-पदार्थ यांचं, की आतलं?

४. मग एक वाक्य लिहा, 'ही माझी गोष्ट आहे' याच्याऐवजी 'ही माझी गोष्ट इथपर्यंत आहे'. 'इथपर्यंत' म्हणजे कुठपर्यंत, ते नेमकं लिहायचं. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा त्या सीमेवरच सापडेल.

पेटच्या मुलाखतीत 'हा विषय का निवडला' असं विचारतात तेव्हा बहुतेक जण 'मी स्वतः तिथला आहे' असं सांगून थांबतात. समिती मान हलवते आणि पुढचा प्रश्न घेते. त्याला जोडून 'आणि माझा अनुभव या तीन ठिकाणी लागू पडत नाही, तेच मला तपासायचंय' असं म्हणून बघा.

पुढच्या पोस्टमध्ये नमुना आकार, म्हणजे सँपल साइझ. ९२ आणि २६,९११ मध्ये नेमका काय फरक पडतो, ते आकडेमोडीसह. तोवर रकाने भरा, आणि दुसरा रकाना रिकामा राहिला तर कमेंटमध्ये सांगा, मिळून शोधू.